कोरे वाचन

सुरगाण्याजवळच्या पाड्यावर भोयांच्या थोरल्या मुलीला, हिराला, जुळे मुलगे झाले ते साल २०५८. बारशाला सगळा पाडा जेवला. धाकटी बहीण वेणू तेवढी आली नाही. ती तेव्हा अंजनेरीच्या पायथ्याशी धावकांच्या शिबिरात होती, आणि आशियाई स्पर्धेची निवडचाचणी जवळ आली होती. दहा हजार मीटरसाठी देशातून दोघीच जाणार होत्या. त्या दोघींत वेणू भोये नक्की, असे तिचे प्रशिक्षक परशुराम ढोणे चारचौघांत म्हणत.

बारशाच्याच दिवसांत वेणूचा डावा पाय दुखू लागला. दुखणे विचित्र होते. सूज नाही, काळेनिळे नाही. धावायला सुरुवात केली की काही वेळ सगळे ठीक असे. मग पायाच्या वरच्या अंगाला, बुटाची नाडी बांधतात तिथे, आतून कुणी पाचर ठोकत असल्यासारखे वाटू लागे. थांबले की जाई. पण रोज आदल्या दिवसापेक्षा लवकर येई.

ढोण्यांनी तिला पाऊलघरात पाठवले. सरकारी कागदावर त्या संस्थेचे नाव लांबलचक होते, पण सगळे धावक तिला पाऊलघरच म्हणत. तिथल्या हाडांच्या डॉक्टर अनुजा वैराळे सोलापूरहून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी पायाची सूक्ष्मचित्रे काढली. त्या काळी ही चित्रे इतकी बारीक निघत की हाडातली केसाएवढी रेघही लपत नसे, आणि नेमकी तीच अडचण होऊन बसली होती. रोज कोसच्या कोस धावणाऱ्या कुठल्याही पायात अशा दहा जागा सापडत. एके काळी डॉक्टरांनी दिसेल त्या रेघेवर शस्त्रक्रिया केल्या आणि कितीतरी चांगले पाय वाया घालवले. तेव्हापासून नियम झाला होता. चित्रात काहीही दिसो, वाचनात दुखणे सापडल्याशिवाय उपचार करायचा नाही.

वेणूच्या चित्रातली एक रेघ वैराळ्यांना आवडली नाही. पायाच्या कमानीच्या माथ्यावर होडीच्या आकाराचे एक लहान हाड असते. त्याला नौकास्थी म्हणतात. त्याच्या मधल्या भागाला रक्त जेमतेम पोचते. तिथे भेग पडली आणि वेळेवर पायावरचा भार काढला, तर ती सांधते. धावत राहिले तर आरपार जाते. एकदा आरपार गेली की माणूस चालतो, पण पुन्हा पळत नाही.

“ही रेघ जुनी, मेलेली असेल तर प्रश्न नाही,” त्या वेणूला म्हणाल्या. “जिवंत असेल तर आजच्या आज प्लास्टर. कुठली ते आक्का सांगतील.”

आक्का म्हणजे सुलभा धुमाळ. तरुणपणी त्या फलटणकडून लांब पल्ला धावत असत. पुढे पाऊलघर निघाले तेव्हा पहिल्या वेदनावाचक त्याच झाल्या, आणि त्यांच्याएवढे पाय वाचलेले माणूस देशात दुसरे नव्हते.

वाचनखोलीत जाताना सगळ्यांनी चपला-बूट बाहेर काढायचे, अशी तिथली रीत होती. वेणूच्या गुडघ्याखाली मज्जापट्टा बांधला आणि तिला सरकत्या चालपट्ट्यावर चालायला लावले. तसाच एक पट्टा आक्कांच्या पायाला बांधला. त्या खाटेवर उताण्या झोपल्या. त्यांच्या हाताशी शाडूचे एक पाऊल ठेवले होते. जिथे दुखेल तिथे त्या मातीवर बोट ठेवायचे, म्हणजे वाचन झाले. यंत्र सुरू होण्याआधी आक्का डोळे मिटून स्पष्ट आवाजात तीनदा म्हणाल्या, “हे दुखणं माझं नाही.”

वैराळे पहिल्यांदाच वाचन पाहत होत्या. यंत्र बनवणारे मज्जातज्ज्ञ डॉ. नसीर तडवी शेजारी उभे होते. वैराळ्यांनी हळू आवाजात विचारले, की यात माणूस कशाला मधे हवा, यंत्रालाच का नाही वाचू देत.

“यंत्राला मज्जातंतूंतला गलका ऐकू येतो,” तडवी म्हणाले. “ताण, ऊब, दाब, खाज, सगळं एकदम. त्यात दुखणं कुठलं ते त्याला कळत नाही. ते कळायला स्वतःला दुखू शकेल असं कुणीतरी लागतं.”

“म्हणजे आक्कांना आत्ता तिच्याएवढंच दुखणार?”

“तेवढंच. तिच्या पायातली ओरड पट्ट्यातून आक्कांच्या पायाच्या मज्जातंतूत जाते, तिथून मेंदूत. मेंदूकडे पायाचा नकाशा एकच असतो, ज्याचा त्याचा. आक्का आपला नकाशा उसना देतात.”

“आणि पाय मागे ओढत नाहीत?”

“ओढला तर वाचन फुकट. न ओढायला शिकण्यात वर्ष जातं. म्हणून ते वाक्य. मेंदूला आधीच बजावायचं, की हे आपलं नव्हे, याच्यासाठी काही करू नको.”

चालपट्ट्यावर वेणूचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. ओठ दाबून ती चालत होती. आक्का मात्र शांत पडून होत्या. त्यांचे बोट शाडूच्या पावलावरून फिरले, अंगठ्याच्या सांध्यापाशी क्षणभर थांबले, पुढे गेले आणि खाली आले.

“कोरं,” त्या म्हणाल्या. “अंगठा जरा कुरकुरतोय, बाकी पाय ठणठणीत हाय.” मग उठून बसत त्यांनी वेणूकडे मायेने पाहिले. “पोरी, चाचणीची भीती पायात उतरती कधीकधी. म्या बी पळलीया. लाजू नगंस.”

वेणूने, आपल्याला आत्तासुद्धा दुखत होते, असे दोनदा सांगितले. तडव्यांनी यंत्र तपासले. ते बरोबर चालत होते. कागदावर ‘कोरे वाचन’ असा शेरा पडला.

ढोण्यांना बरेच वाटले. शिबिरात ते तिला सगळ्यांसमोर म्हणाले, “भोये, कंपाउंडरकडून गोळी आण. पायाची नको, धीराची.” मुली हसल्या. वेणू बूट बांधून मैदानात उतरली.

त्यानंतर ती जशी पळाली तसे कुणी पळू नये. पाय वाकडा टाकून ती दुखणे चुकवू लागली, मग दुसरा गुडघा बोलू लागला. वेळ घसरली. ढोण्यांचा आवाज चढला. आईला फोनवर तिने सगळे ठीक आहे म्हणून सांगितले. एका सकाळी अंथरुणातून उतरून पहिलेच पाऊल टाकले आणि पाचर बसली. आता धावायचीही गरज उरली नव्हती. चाचणी दोन दिवसांवर होती. वेणू कुणाला न सांगता रिक्षाने पाऊलघरात गेली आणि वैराळ्यांच्या दारात बसून राहिली. दुपारी वैराळ्यांनी तिला आत घेतले.

“मॅडम, मी घाबरले असेन तर घाबरले म्हणा,” वेणू म्हणाली. “पण एकदा हात लावून बघा. आजवर कुणी हातच लावला नाही.”

ते खरे होते. पाऊलघरात पाय दाबून बघत नसत. दाबल्याने मज्जातंतू चेतवतात आणि वाचन गढूळ होते, असे ठरलेले होते. सोलापूरला वैराळ्यांच्या हाताखालून हजारो पाय गेले होते. इथे आल्यापासून त्यांनी एकाही पायाला बोट लावले नव्हते. त्यांनी वेणूची टाच तळहातावर घेतली, अंगठा नौकास्थीच्या मधोमध ठेवला आणि दाबला.

वेणू ओरडली नाही. तिच्या वरच्या ओठावर घाम फुटला आणि तिने वैराळ्यांचे मनगट गच्च धरले. वैराळ्यांनी अंगठा बोटभर सरकवून दाबला. तिथे काही नाही. परत आधीच्या जागी दाबला. वेणूचे डोळे भरले.

वैराळे तशाच उठून तडव्यांच्या खोलीत गेल्या. चित्र म्हणते तिथेच रेघ आहे, आणि अंगठा म्हणतो ती जिवंत आहे, असे त्यांनी सांगितले. तडवी म्हणाले, यंत्र रोज सकाळी तपासले जाते. वैराळे म्हणाल्या, यंत्राबद्दल मी बोलतच नाही.

“दोन वर्षांत नौकास्थीच्या भेगा किती सापडल्या इथे?” वैराळ्यांनी विचारले.

“एकही नाही. टाचेच्या दुखापतीही जवळजवळ थांबल्या. नव्या बुटांमुळे, असं आम्ही अहवालात लिहिलं. त्याबद्दल शाबासकीही मिळाली.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी आक्का रोज तेच वाचायच्या. टाच आणि नौकास्थी.” हे बोलता बोलता तडव्यांचा चेहरा उतरला. ते खुर्चीत मागे टेकले. “आपण मेंदूला रोज शिकवत होतो, हे दुखणं आपलं नाही, याची दखल घेऊ नको. तो शिकला असेल तर? ज्या जागा सर्वांत जास्त वाचल्या, त्याच जागांवर सर्वांत चांगलं शिकला असेल तर?”

“मग दुसऱ्या वाचकाला बोलवा.”

“दुसरे सगळे आक्कांनीच तयार केलेत. त्यांच्या वाचनाशी ज्याचं वाचन जुळतं, तोच पास होतो. ज्यांना जास्त दुखायचं त्यांना आम्ही हळवे म्हणून घरी पाठवलं.”

ज्याचा मेंदू अजून काहीच शिकलेला नाही, असे कुणीतरी हवे होते. परीक्षा आक्कांच्याच पायाची घ्यायची, म्हणजे पट्टे उलटे बांधायचे. आक्का चालतील आणि वाचणारा आडवा होईल. टाचेला ठराविक जोराचा एक चिमटा लावायचा. वाचणाऱ्याला तो दुखला आणि आक्कांना दुखला नाही, तर गोष्ट सिद्ध होईल. वेणू दारात उभी राहून ऐकत होती. मी वाचते, ती म्हणाली.

आक्कांना हे सांगणे अवघड होते. तडव्यांनी खाली बघत सांगितले. त्या आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा कडक झाला. दोन दिवस अंगात कणकण होती, तरी हवेमुळे असेल म्हणून त्या कामावर आल्या होत्या.

“माझी परीक्षा, आनि ती ह्या पोरीकडून,” त्या म्हणाल्या. “बांधा पट्टा. चिमटा नंतर लावा, आदी नुसतं चालून दावते. कोरा पाय कसा असतो ते तरी कळंल हिला.”

वेणू खाटेवर आडवी झाली. ते वाक्य म्हणायला तिला कुणी सांगितले नाही. आक्का अनवाणी चालपट्ट्यावर चढल्या आणि ताठ मानेने चालू लागल्या. तडव्यांनी यंत्राची कळ अगदी हळू फिरवली.

पहिल्या पावलाला वेणूचा पाय खाटेवरून उडाला. दुसऱ्या पावलाला तिने दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. आक्का चालता चालता तडव्यांना ऐकवत होत्या, की माणूस म्हातारे झाले म्हणजे त्याच्यावर कुणीही संशय घ्यावा काय. त्यांची टाच ठाम, एका लयीत पडत होती. दर वेळी ती पडली की खाटेवरच्या मुलीचे अंग कमानीसारखे वर येत होते. तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता. वैराळ्यांनी धावत जाऊन यंत्र बंद केले.

“आक्का,” ती म्हणाली, “खाली बसा. तुमच्या टाचेत काय रुतलंय?”

“माज्या? काय नाय.”

वैराळ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून पाय उचलला. टाचेच्या जाड, भेगाळलेल्या कातडीत एक काळे भोक होते. भोवतीचे मांस मऊ पडले होते. आत मज्जापट्ट्याच्या बकलाची तुटलेली पिन हाडापर्यंत गेली होती. साडीचा काठ वर केल्यावर घोट्यापासून पोटरीकडे चढलेली लाल रेघ दिसली. पाय तापला होता. कणकण हवेमुळे नव्हती.

आक्कांनी वाकून स्वतःच्या टाचेकडे बघितले. मग त्यांनी त्या काळ्या जागेवर बोट दाबले, जसे शाडूच्या पावलावर ठेवत तसे, आणि तडव्यांकडे मान वर केली. काहीच दुखत नव्हते.

त्यांना नाशकाला मोठ्या रुग्णालयात नेले. त्याच संध्याकाळी वैराळ्यांनी स्वतःच्या सहीवर वेणूच्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातले, कुबड्या दिल्या आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणून बजावले.

वेणूला दुखापतग्रस्त धरा, असे वैराळ्यांनी निवड समितीला कळवले होते; दुसऱ्या दिवशी ढोणे त्याचे उत्तर घेऊन आले. ढोणे वाईट माणूस नव्हते. पण चाचणीला न येणारी धावक दुखापतग्रस्त नसेल, तर तिचे नाव शिबिरातून कायमचे जाई. मग तिच्या जागी दुसरी, आणि परत यायची वाट बंद. वेणूचे जाऊ नये असे त्यांना मनापासून वाटत होते. समितीचे म्हणणे साधे होते. धुमाळबाईंची टाच बधिर निघाली, यावरून त्यांना नौकास्थीचेही कळत नाही असे ठरत नाही. चिमट्याची परीक्षा तर झालीच नाही. ज्याने वाचन केले तोच ते मागे घेत नाही, तोवर ते कायम. आणि वाचन कोरे होते.

“प्लास्टर कापा,” ढोणे वैराळ्यांना म्हणाले. “उद्या पंचवीस फेऱ्या. पळाली तर जाईल, नाही पळाली तर मी तिच्या घरी काय तोंड दाखवू? पाय मोडलेला नाही असं कागद म्हणतोय.”

“कागदाला पाय नसतो, सर,” वेणू म्हणाली.

वैराळे ढोण्यांना घेऊन रुग्णालयात गेल्या. विष रक्तात पसरू नये म्हणून डॉक्टरांनी आक्कांचा पाय आदल्या रात्रीच गुडघ्याखाली कापला होता. त्या वाचन मागे घेतील अशी वैराळ्यांना आशा होती. पण आक्का खोटे बोलणाऱ्या नव्हत्या. जे जाणवले नाही ते त्या कसे सांगणार, हा प्रश्न जिना चढताना वैराळ्यांना छळत होता.

तडवी खोलीच्या दाराशीच भेटले. त्यांचे केस विस्कटलेले होते. आक्कांना पहाटेपासून दुखते आहे, ते म्हणाले. कापलेल्या जागी नाही. खाली, पावलात.

“पाऊल तर नाही,” ढोणे म्हणाले.

“म्हणूनच. पाय होता तोवर तिथून येणारा प्रत्येक संदेश मेंदू दाबून टाकत होता. आता संदेश यायचे थांबले, तसा दाबही सुटला. नकाशा मात्र जागेवर आहे, आणि दाबलेलं सगळं त्यातच साठलेलं होतं. तो आता आपोआप बोलतोय.”

आक्का उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा राखेसारखा झाला होता. अंगावरची चादर एका बाजूला गुडघ्यापर्यंत भरलेली होती आणि पुढे सपाट होती. ढोण्यांना बघून त्यांनी जवळ बोलावले.

“चाचणी हाय न्हवं उद्या?” त्यांनी विचारले. आवाज बारीक पण साफ होता.

ढोण्यांनी मान हलवली.

आक्कांनी हात पुढे केला आणि सपाट चादरीच्या वर, हवेत, पाऊल असते त्या उंचीवर, एका जागी बोट टेकवले. बोट तिथून हलले नाही. वैराळ्यांनी नकळत स्वतःच्या अंगठ्याकडे बघितले.

“हितं,” आक्का म्हणाल्या. “होडीच्या हाडावर, मधोमध. आत पाचर बसतीया. ही वेणूची. अंगठ्याची कुरकुर संगटच हाय, तिचं वाचन करताना जाणवली हुती तीच.” त्यांनी श्वास घेतला. “ढोणे, असल्या पायानं तुमी तिला उद्या पळिवणार व्हता?”

ढोणे खाटेच्या कडेला बसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. समितीच्या माणसाला त्यांनी तिथूनच फोन लावला आणि फोन आक्कांच्या तोंडाशी नेला. आक्कांनी नाव, वाचनाचा महिना आणि ‘मागे घेतले’ एवढे सांगितले.

पण त्या थांबल्या नाहीत. एकीचे दुखणे ओसरले की दुसरीचे येत होते. ज्यांना कोरे म्हणून परत पाठवले होते त्या मुलामुलींची नावे त्या सांगत राहिल्या. कुणाची टाच, कुणाचे नौकास्थी, हवेत बोट ठेवून जागा दाखवत राहिल्या. काहीजण अजून धावत होते. वैराळ्यांनी एकेकाला फोन करून थांबवले. नर्सने दुखणे थांबवायची सुई देऊ केली तेव्हा आक्कांनी नको म्हटले. सुईने नावे बुडतील, असे त्यांना वाटत होते. वेणू कुबड्यांवर भेटायला आली. आक्कांनी तिचा हात हातात घेतला आणि तिला एवढेच विचारले, की रात्री दुखते का. वेणू म्हणाली, आता नाही.

निवडचाचणी झाली, दोघीजणी आशियाईला गेल्या, त्यांत वेणू नव्हती. तिचे नाव दुखापतग्रस्तांत राहिले. पुढच्या वर्षी जानेवारीत प्लास्टर निघाले तेव्हा भेग सांधली होती. होळीनंतर ती मऊ मातीवर सावकाश पळू लागली. पाऊलघरातले सगळे वाचक घरी पाठवण्यात आले, आणि तिथे आता पेशंटच्या पायाला आधी हात लावतात.

सुलभा धुमाळ २०५८ च्या डिसेंबरात, शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, रक्तात पसरलेल्या विषाने नाशिकच्या रुग्णालयात वारल्या.